ग्रोथ फॅक्टरच्या नळीवर पैसे घालण्याआधी

दिवाळीच्या पाडव्याला माझा भाचा घरी आला आणि फराळाचं ताट समोर यायच्या आत त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "मामाजी, पाहा बरं किती गेले." पोट्टा २५ वर्षांचा, मिहानमध्ये नोकरी, आणि ताईला त्याच्या लग्नाची घाई. मोबाइलवर त्यानं एक पॅकेज दाखवलं. जीएफसीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेले ग्रोथ फॅक्टर डोक्यात टोचायच्या, चार सिटिंग, २४ हजार रुपये, सूट महिनाअखेरपर्यंत. "भरून टाकू का?"

मी नागपुरात धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञांकडे टेक्निशियन आहे, १५ वर्षं झाली. रक्त काढायचं, नळ्या फिरवायच्या, हवा तेवढा थर सिरिंजमध्ये ओढून डॉक्टरांच्या हाती द्यायचा, हे माझं रोजचं काम. औषध कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. पण पैसे भरण्याआधी काय पाहायचं, काय विचारायचं आणि कोणत्या क्रमानं जायचं हे कोणालाही समजू शकतं. त्या दिवशी भाच्याला बसवून जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पहिलं काम: गळतात कोणते केस ते पाहा

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो तापाचा. "गणपतीत तुला डेंग्यू झाला होता ना?" झाला होता, पाच दिवस भरती होता. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, एकदम वजन उतरणं, असं काही झालं की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडायला लागतात. नागपुरात पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू वाढतो आणि दिवाळीच्या आसपास आमच्या दवाखान्यात केस गळणाऱ्यांची रांग लागते. ही गळती डोकंभर असते. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर केस दिसतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप परत येतात.

पुरुषी टक्कल वेगळं. त्यात मूठभर केस हातात यायलाच हवेत असं नाही. केस बारीक होत जातो. घरच्या घरी असं पाहा: कोरडे केस घेऊन डोक्याच्या पुढच्या भागात किंवा टाळूवर भांग पाडा आणि तसाच एक भांग मागे, मानेच्या वर पाडा. दिवसाच्या उजेडात दोन्हींचे जवळून फोटो काढून मोठे करून पाहा. मागे सगळे केस साधारण एका जाडीचे दिसतात. पुढे जाड केसाच्या शेजारी निम्म्या जाडीचा, त्याच्या शेजारी कोळ्याच्या धाग्यासारखा, असं मिश्रण दिसलं तर टक्कल सुरू झालंय असं समजा. दवाखान्यात डर्मोस्कोपनं हेच पाहतात, फक्त जास्त मोठं करून.

भाच्याला दोन्ही होतं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस बारीक झालेले, आणि वरून तापाची गळती. याच ठिकाणी माणूस फसतो. तापाचे केस फेब्रुवारी-मार्चपर्यंत येणारच असतात. त्यानं दिवाळीत चार सिटिंग घेतल्या असत्या तर त्या केसांचं श्रेय इंजेक्शनला गेलं असतं, आणि कोपऱ्यांतलं खरं दुखणं तसंच वाढत राहिलं असतं.

म्हणून आधी निदान. पैशाची ओढाताण असेल तर नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायचं का, हेही विचारून घ्या. डोक्यावर चट्टे असतील, खाज-लाली असेल किंवा नाण्याएवढी जागा एकदम गुळगुळीत झाली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तो आजारच वेगळा असतो.

ग्रोथ फॅक्टर हा काय प्रकार आहे

ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीनं दुसरीला पाठवलेला निरोप. वस्तू म्हणून पाहिलं तर ती प्रथिनं. एक पेशी ती सोडते, शेजारची पेशी आपल्या अंगावरच्या कडीत ती पकडते आणि त्याप्रमाणे वाढते, थांबते किंवा मरते. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातलं प्रथिन म्हणजे ईजीएफ. या शोधांसाठी कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

केसाच्या मुळाशी पेशींचा एक लहानसा गोळा असतो, त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. केस किती जाड व्हायचा, किती वर्षं वाढायचा, हे तिथून जाणाऱ्या निरोपांवर ठरतं. डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, मग तीनेक महिने विश्रांती, आणि पुन्हा नवा केस. मी काटोलकडच्या संत्रेवाल्या घरातला. आमच्याकडे बहार धरायला झाडाचं पाणी तोडून ताण देतात आणि मग पाणी सोडतात. झाड ताणावर असताना मेलेलं नसतं, हुकमाची वाट पाहत असतं. विश्रांतीतल्या केसाचंही तसंच.

हुकूम दोन तऱ्हेचे. आयजीएफ-१ वाढीची अवस्था लांबवतो. व्हीईजीएफ मुळाभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढवतो. एफजीएफ-७ केस बनवणाऱ्या पेशींना वाढवतो. उलट टीजीएफ-बीटा मुळाला आक्रसायला लावतो, आणि डीकेके-१ नावाचं प्रथिन वाढीचा मुख्य रस्ताच अडवतं. एफजीएफ-५ चं नाव ऐकून फसू नका. नावात ‘ग्रोथ’ असलं तरी त्याचं काम केसाची वाढ थांबवण्याचं आहे. ज्या उंदरांत त्याचा जीन बिघडवला, त्यांचे केस अंगोरासारखे लांब वाढले. तेव्हा "यात भरपूर ग्रोथ फॅक्टर आहेत" एवढ्यानं काही कळत नाही. कोणता आणि कशासाठी, ते विचारायचं.

टक्कल पडताना नेमकं बिघडतं काय

टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी तयार होतं, त्यासाठी ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून तसा वारसा आलाय, त्याच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या पॅपिला डीएचटीला फार लवकर दाद देतात. डीएचटी येऊन चिकटलं की तीच पॅपिला आयजीएफ-१ कमी आणि टीजीएफ-बीटा, डीकेके-१ जास्त सोडायला लागते. वाढीची अवस्था दर फेरीला आखूड होते, मूळ लहान होतं, केस बारीक होतो. रक्तात डीएचटी जास्त असायची गरज नाही. बहुतेकांचं नॉर्मलच असतं, म्हणून हार्मोनच्या महागड्या पॅनलवर पुरुषांनी उगाच पैसे घालू नयेत.

१९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं होतं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडतं. मागचे केस मात्र डीएचटीला दबत नाहीत. ते उचलून पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला तरी फळ संत्र्याचंच येतं, तसं. हेअर ट्रान्सप्लांट चालतं ते याच आधारावर.

आता मुख्य गोष्ट, जी मी भाच्याला तीनदा सांगितली. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला की बुंध्याची साल कुजते, डिंक गळतो, पानं पिवळी पडतात. माझे वडील अशा झाडाला खत घालत नसत. आधी कुजकी साल खरडायची, बोर्डो मलम लावायचा, बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही. झाड सावरलं की मग खत. टकलात डीएचटी म्हणजे डिंक्या आणि बाहेरून टोचलेले ग्रोथ फॅक्टर म्हणजे खत. चार सिटिंगनं मुळाला धक्का मिळेल, पण डीएचटी रोज तिथंच आहे आणि पॅपिला रोज उलटा निरोप सोडून राहिली आहे.

मी स्वतः यातून गेलोय. २७ वर्षांचा असताना ज्या दवाखान्यात होतो तिथं कर्मचारी म्हणून पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा दाट द्रव डोक्यात टोचतात, त्याच्या) सहा सिटिंग फुकट मिळाल्या. गोळी नाही, लोशन नाही, नुसती इंजेक्शनं. सहा महिन्यांनी टाळूवर केस भरल्यासारखे दिसले, मी आईला फोटोही पाठवला. पुढच्या दीड वर्षात होते तेही गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ती दीड-दोन वर्षं परत येत नाहीत, कारण मूळ एकदा फारच आक्रसलं की ते उठवणं अवघड होतं. भाच्याच्या बाबतीत मला तेच नको होतं.

क्रम

पहिल्यांदा डॉक्टरांशी फिनास्टेराइडबद्दल बोला. ही गोळी डीएचटी बनवणारं ते एन्झाइम अडवते, रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी कमी होतं. टकलासाठी १ मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाली. फरक कळायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बंद केली की फायदा जातो. थोड्या लोकांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, मन उदास होणं असं घडतं. असं काही जाणवलं तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांना सांगा. आधीपासून नैराश्याचा त्रास असेल किंवा मूल होण्याचा प्रयत्न चालू असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट दवाखान्यात सांगायची राहून जाते: गोळी चालू असताना, आणि बंद केल्यावरही निदान महिनाभर, रक्तदान करायचं नाही, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलाला धोका असतो. आपल्याकडे चौकाचौकांत शिबिरं होतात, म्हणून मुद्दाम लिहितो. पुढं वय झाल्यावर प्रोस्टेटची पीएसए तपासणी केलीत तर गोळी घेत असल्याचं नक्की सांगा, कारण तिच्यामुळं आकडा निम्म्यावर येतो.

दुसरं मिनॉक्सिडिल, पुरुषांना बहुधा ५ टक्के. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. प्रयोगशाळेत ते पॅपिलाच्या पेशींना जास्त व्हीईजीएफ सोडायला लावतं असं दिसलंय. म्हणजे बाहेरून निरोप टोचण्याऐवजी पेशीकडूनच निरोप पाठवून घ्यायचा. एका वेळी १ मिली, केसांवर नाही, कातडीवर, कोरड्या डोक्याला. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने केस जागा सोडत असतात, घाबरून बाटली फेकू नका. मे महिन्यात नागपूरच्या ४५ डिग्रीत सकाळी लावून लगेच हेल्मेट घातलं तर औषध घामाबरोबर कपाळावर येतं आणि तिथं खाज सुटते. लवकर उठून लावा, पूर्ण वाळू द्या. रात्रीचं लावायचं तर झोपायच्या दोन तास आधी. घरात मांजर असेल तर बाटली, हात आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना हे औषध विषासारखं आहे.

सुयांच्या रोलरबद्दलही भाच्यानं विचारलं. मुंबईतल्या सायनच्या रुग्णालयात झालेल्या आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात १०० पुरुष घेतले होते. नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा मिनॉक्सिडिलबरोबर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर फिरवलेल्यांचे केस १२ आठवड्यांत बरेच जास्त वाढले. बारीक जखमा झाल्या की प्लेटलेट तिथं येऊन ग्रोथ फॅक्टर सोडतात. पण तो रोलर डॉक्टरांच्या हातचा होता. घरी ऑनलाइन मागवलेला, दोघा भावांनी मिळून वापरलेला रोलर मी पाहिलाय, आणि त्यानं पिकलेलं डोकंही.

पीआरपी किंवा जीएफसी यानंतर, वरच्या दोन गोष्टी चालू असताना, आणि खिशात पैसे असतील तर. त्यानं केसांची दाटी वाढल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची नळी फिरवण्याची तऱ्हा वेगळी. पूर्ण टक्कल झालेल्या जागेवर पैसे घालू नका. केस बारीक झालेत पण आहेत, तिथंच काही हाती लागतं.

नळी कशी ओळखायची

हे माझं रोजचं काम, म्हणून नीट सांगतो. रक्त न गोठवणाऱ्या द्रवाच्या नळीत घेतात. सेंट्रीफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवतात. पहिली फेरी हलकी. थांबल्यावर नळीत खाली लाल, वर पिवळा, आणि मध्ये कागदाच्या जाडीची पांढुरकी रेघ दिसते. यंत्राचा ब्रेक दाबून झटक्यात थांबवलं तर ही रेघ विस्कटते. ज्या जुन्या दवाखान्याचं मी वर लिहिलं तिथं गर्दीच्या दिवशी असंच चालायचं. वरचा पिवळा भाग रेघेपर्यंत काढून दुसरी, जोराची फेरी. आता प्लेटलेट तळाशी बसतात. वरचा दोन-तृतीयांश द्रव पातळ असतो, तो काढून ठेवायचा आणि उरलेल्या एक-तृतीयांशात तळ हलकेच मिसळायचा. ती नळी मी ट्यूबलाइटसमोर धरून दोन बोटांत सावकाश फिरवतो. प्लेटलेट जिवंत आणि भरपूर असतील तर आत रेशमी धुरासारखी वलयं फिरताना दिसतात. तीच नळी मी पेशंटलाही दाखवतो.

तुम्हीही पाहायला मागा. हिमोग्राममध्ये तुमच्या प्लेटलेट किती आहेत हे आधी तपासलं का, ते विचारा (साधारण १.५ ते ४.५ लाख असतात). तयार द्रवात त्या किती पट झाल्या हे सेल काउंटरवर मोजता का, तेही विचारा. तीन-पाच पट हवं. एकदाच फिरवून वरचा सगळा पिवळा द्रव ओढला तर त्यात फार काही नसतं. नळीवर तुमचं नाव आहे का, सुई-सिरिंज तुमच्यासमोर फोडली का, हे डोळ्यांनी पाहा. रक्त चुकीच्या माणसाला टोचलं जाणं ही साधी चूक नाही.

जीएफसीत प्लेटलेट नळीतच फोडून त्यांतले ग्रोथ फॅक्टर द्रवात उतरवतात आणि पेशी मागे ठेवून तेवढा द्रव टोचतात. दुखतं जरा कमी. पीआरपीपेक्षा ते नक्की सरस, असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा अजून नाही, त्यामुळं दुप्पट भाव देऊ नका. दोन्हींत वाढवणाऱ्या निरोपांबरोबर टीजीएफ-बीटाही उतरतो, कारण प्लेटलेटच्या पिशवीत तो असतोच. एक्झोसोमचं (पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं) इंजेक्शन कोणी सुचवलं तर नको म्हणा. अमेरिकेच्या एफडीएनं त्यातलं एकही उत्पादन मान्य केलेलं नाही.

ग्रोथ फॅक्टरच्या सीरमची बाटली हा प्रश्न लवकर सुटतो. धड कातडीतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू सहसा आत जात नाही. ईजीएफ हा यातला लहान, तरी तो ६,००० च्या घरात आहे. मोठे तर आणखी कितीतरी पट. ते वरच राहतात.

सिटिंगच्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊन येऊ नका. तर्रीतल्या तेलानं प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो, थर नीट दिसत नाहीत. उपाशीही येऊ नका, सुई पाहून चक्कर येते. दोन पोळ्या, साधी भाजी आणि भरपूर पाणी. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या आठवडाभर आधी घेऊ नयेत, पण हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी औषधं, कमी प्लेटलेट, डोक्यावर पिकलेले फोड, यांत सिटिंग करत नाहीत. नंतर एक-दोन दिवस कपाळ सुजल्यासारखं होतं, ते उतरतं.

फोटो

रोज केस मोजून मन खाऊ नका. दिवसाला ५० ते १०० गळणं रोजचंच आहे. तीन महिन्यांतून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या आणि सारख्या लांबीच्या केसांचे चार फोटो काढा: समोरून, दोन्ही कोपरे, टाळू. फोटो दुसऱ्यानं काढलेले बरे. वर्षभरात चारच वेळा. केस आहेत तेवढेच राहिले असतील तर तेही यश आहे, कारण काही केलं नसतं तर ते कमी झाले असते.

भाच्यानं पैसे भरले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी त्याचं फेरिटिन तपासलं, कमी निघालं, त्यावर औषध चालू केलं. मिनॉक्सिडिल सुरू झालं. गोळीचं तो आणि डॉक्टर मिळून संक्रांतीनंतर ठरवणार आहेत, तोवर तापाची गळती थांबेल आणि खरं चित्र दिसेल. पहिले चार फोटो माझ्या बायकोनं आमच्या गच्चीच्या दारात काढले, सकाळी ९ वाजता. पुढचे फेब्रुवारीत, त्याच दारात.